आधी वरचा बोल्ट

डीलरच्या काउंटरवरच्या पोराने कागद सरकवला:
पुढचं डिफरन्शियल, मागचं, मधला ट्रान्सफर केस,
तेल बदलणे, सहाशे चाळीस डॉलर, टॅक्स वेगळा.
मी म्हटलं, विचार करून सांगते.
माझी आईही दुकानात असंच म्हणायची
आणि परत कधी जायची नाही.

यॉर्कटनमध्ये ऑक्टोबर म्हणजे उसना महिना.
सकाळी काचेवर बर्फाचे ओरखडे, दुपारी ऊन,
चारनंतर कशाचाच भरवसा नाही.
शेजारचा मेट्रो स्लोबोडियान
खुर्ची घेऊन गॅरेजच्या दारात येऊन बसला.
नाव मेट्रो, आणि उभ्या जन्मात शहरात राहिला नाही.
नाकात प्राणवायूची नळी, पायाशी सिलिंडर.
"वाकता येत नाही मला," म्हणाला, "पण तोंड चालतं."

फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा पाठीखाली घेऊन
मी ट्रकखाली सरपटले.
खालच्या बोल्टला पाना लावते न लावते तोच ओरडला:
"थांब! आधी वरचा!
भरायचं भोक उघडतंय का बघ, मगच रिकामं कर.
आमचा वासिल. एकोणऐंशी साल.
त्याने आधी खालचा सोडला. तेल सगळं बाहेर,
आणि वरचा गंजून बसलेला, हलेना.
ट्रक आठ दिवस अंगणात कोरडा, गहू शेतात उभा."
श्वास घ्यायला थांबला.
"गव्हावर बर्फ पडला."

वरचा.
पाना तीनदा निसटला, दोन बोटं सोलली.
चौथ्यांदा तो म्हाताऱ्या दारासारखा कुरकुरला
आणि सुटला.

मग खालचा. तेल आलं, पण घाईने नाही.
काकवीसारखं दाट, काळं,
वास मात्र गंधकाचा, आठवडाभर हाताला चिकटणारा.
एक लाख साठ हजार किलोमीटर होते त्यात:
शाळेच्या फेऱ्या, आईचा दवाखाना,
रोमनला विमानतळावर सोडलं ते. जातानाचंच.

बोल्टच्या चुंबकावर लोखंडाची लव,
मांजराच्या कानामागे असते तशी मऊ.
मेट्रोने ती चिमटीत चोळली, उजेडाकडे धरली.
"टोचत नाही. पीठ आहे. दाते शाबूत आहेत."
मार्चमध्ये डॉक्टरने फुफ्फुसाचा फोटो दाखवला
तेव्हाही त्याने विचारलं होतं म्हणे,
पीठ आहे की कण?
डॉक्टरला कळलं नाही.

किती भरायचं? काठी नाही, खूण नाही.
भरायचं भोकातून ओघळेपर्यंत.
मग करंगळी आत घालायची, पहिलं पेर वाकवायचं,
टोक ओलं झालं की पुरे.
पावाच्या खमिरासाठी आई दूध असंच बघायची,
करंगळीने.

एकूण खर्च एकशे अठरा डॉलर, नवीन वॉशरसकट.
एक शर्ट गेला तो धरला नाही.
मी पाकीट पुढे केलं, त्याने त्याकडे पाहिलंही नाही.
"एक चक्कर मारून आण," म्हणाला.

त्याने विकलेल्या जमिनीच्या कडेने
खडीचा सरळ रस्ता.
ऐंशीच्या पुढे गेलं की मागून घूं घूं यायचं,
दोन हिवाळे मी त्यावर रेडिओ मोठा करत आले होते.
आज त्याने रेडिओ बंद केला.
"ऐक."

काहीच नाही.
टायरखालची खडी. वारा.
आणि त्या घूं घूंच्या खाली इतके दिवस झाकलेलं
त्याच्या सिलिंडरचं टिक्, फुस्,
टिक्, फुस्.

तो खिडकीबाहेर बघत होता.
"नव्या मालकाने पेरणी वाकडी केलीय," म्हणाला.
वळायची जागा आली. मी वेग कमी केला.
"अजून दोन मैल जाऊ," म्हणाला तो,
"नवं तेल आहे. तापायला वेळ लागतो."